पंचवीस हजारांचा लॅपटॉप

मध्यप्रदेशात राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत पंचाहत्तर टक्के अथवा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास लॅपटॉपसाठी सरकारकडून २५,००० रुपये मिळतात. लॅपटॉप मिळत नाही, पैसे मिळतात, आणि तेही थेट विद्यार्थ्याच्या बँकखात्यात. ४ जुलै २०२५ रोजी ९४ हजारांहून अधिक मुलामुलींच्या खात्यांत ही रक्कम जमा झाली. सरकारने दिले ते उत्तमच केले. परंतु तेवढ्या पैशांत कोणते यंत्र घ्यावे हे सांगण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसल्यामुळे ते बहुधा शाळेच्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात येऊन पडते.

आमच्या गळ्यात ते एका रविवारी सकाळी, ऐन पोह्यांच्या वेळी पडले. आमच्या शाळेतून त्याच वर्षी उत्तीर्ण झालेली एक मुलगी आणि तिचे वडील दारात उभे होते. वडील इंदुरात ऑटोरिक्षा चालवितात. मुलीने बी.सी.ए.ला प्रवेश घेतलेला. सरकारच्या पंचवीस हजारांत वडिलांनी स्वतःचे तीन हजार घातले होते आणि ‘ह्याच्या पुढे एक रुपया नाही’ हे त्यांनी चहाचा कप हाती घेण्यापूर्वीच सांगून टाकले. आम्ही मराठीचे एम.ए.; यंत्रशास्त्राशी आमचा संबंध काय? परंतु गेली दहा वर्षे शाळेची सारी माहिती संगणकावर भरता भरता आमच्या अंगी थोडे ज्ञान मुरले आहे, आणि त्याहून थोडा अधिक अहंकार. आम्ही टोपी चढविली आणि त्यांच्याच रिक्षातून जेल रोडकडे निघालो.

पहिल्या दुकानात कोरा करकरीत, खोकाबंद लॅपटॉप २४,००० रुपयांत होता. आठ जीबी स्मृती, दोनशे छप्पन्न जीबी साठवण, एक वर्षाची हमी. वडिलांचा चेहरा उजळला. आम्ही मात्र त्याच्या पोटात सेलेरॉन जातीचा, दोनच गाभ्यांचा प्रोसेसर आहे हे वाचून नाक मुरडले. शिवाय पडदा असा की मान जराशी कलती केली की अक्षरे फिकी पडत, आणि स्मृतीची चकती मुख्य पट्टीवरच डाख देऊन बसविलेली, म्हणजे पुढे वाढविण्याची सोय नाही. “जुना पण चांगल्या कुळातला घेऊ,” असे आम्ही म्हणालो आणि पुढे झालो.

ह्या जुन्या मालाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, कित्येकदा भाड्याने, आणि तीनचार वर्षांनी ते घाऊक भावाने बाहेर काढतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यांतली नामांकित घराणी. नवेपणी त्यांची किंमत आपल्यासारख्यांनी विचारू नये. परंतु बांधा दणकट, कळफलक उत्तम, आणि बहुतेकांत बॅटरी व साठवण बदलता येते. दुकानदार ते पुसूनपासून, सुटे भाग बदलून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतात.

दुसऱ्या दुकानी असाच एक १६,५०० रुपयांत निघाला. “आय-फाइव्ह है, साहब!” असे दुकानदाराने अशा स्वरात सांगितले की आम्ही विरघळलोच. साडेअकरा हजार वाचत होते! खिशातले पाकीट काढण्याची सूचना आम्ही करणार, इतक्यात ती मुलगी, जी तोवर एक शब्दही बोलली नव्हती, हळूच म्हणाली, “पण सर, पिढी कितवी?” दुकानदाराचा स्वर उतरला. वाचकहो, आय-फाइव्ह हे केवळ आडनाव आहे. त्याच्या पुढचा आकडा पाहायचा असतो. ६२०० असेल तर सहावी पिढी, ८२५० असेल तर आठवी, १०३१० असेल तर दहावी. सहाव्या पिढीचा तो प्रोसेसर २०१५ सालचा आणि दोनच गाभ्यांचा; २०१७ च्या ८२५० पासून ह्याच वर्गात चार गाभे आले. त्याहून मोठी गोष्ट अशी की विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा लागतो, आणि विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होते. म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तीन महिन्यांचे यंत्र आम्ही त्या पोरीच्या पदरात टाकणार होतो. आमचा अहंकार तिथेच रिक्षात जाऊन बसला.

तिसऱ्या दुकानातला लॅपटॉप दहाव्या पिढीचा, चार गाभ्यांचा. स्मृती आठच जीबी, साठवण तीच दोनशे छप्पन्न. पण स्मृतीच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. किंमत २३,५००, जीएसटीच्या पक्क्या बिलासह आणि एक वर्षाच्या हमीसह. मुलीने संगणकाकडूनच बॅटरीचा अहवाल काढला (ही सोय विंडोजमध्ये अंगचीच असते): मूळ क्षमतेच्या त्रेसष्ट टक्के उरलेली. आम्ही प्रत्येक कळ दाबून पाहिली. इन्स्क्रिप्ट मांडणीत ल आणि ळ एकाच कळीवर असतात; ‘कमळ’ उमटेपर्यंत आम्ही ती सोडली नाही. ह्या गावात ळ तपासून घेणारे गिऱ्हाईक दुकानदाराला प्रथमच भेटले असावे.

सारे जुळले होते. तेव्हा वडील म्हणाले, “बड़े सर, नया ही दिलवा दो.”

आम्ही समजावू लागलो. ते ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती. मग त्यांनी सांगितले ते असे: ह्या मुलीला त्यांनी आजवर एकही नवी वस्तू दिलेली नाही. पुस्तके मागच्या वर्गातल्या मुलींची, गणवेश मोठ्या बहिणीचा, सायकल शेजाऱ्यांची, मोबाईल काकाचा. हे पैसे तिने स्वतःच्या गुणांवर मिळविले आहेत. निदान ह्यांची तरी वस्तू दुसऱ्याच्या हातची नसावी.

त्यावर आम्ही आमचा हुकमी दाखला दिला. आमचे सारे एम.ए. खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांवर झाले, आणि त्याने आमचे काही बिघडले नाही. ते शांतपणे म्हणाले, “सर, किताब पुरानी हो तो अक्षर नहीं घिसते. मशीन घिसती है.”

पंचवीसतीस वर्षे वर्गात बोलून आम्हाला उत्तर सुचले नाही असे प्रसंग थोडे आहेत. त्यांचे म्हणणे खरेच होते. कागदावर दोन्ही यंत्रांचे आकडे एकच, किंमत जवळजवळ सारखी, आणि त्यातले एक कोरे. काटकसरीचा उपदेश करणे आम्हाला सोपे होते. आमच्या चिरंजीवांचा लॅपटॉप २०१९ साली आम्ही नवाच घेतला होता.

मार्ग मुलीनेच काढला. तिने एक प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन, एक चलच्चित्र आणि आंतरजालाची पंधराएक पाने असे सारे एकदम उघडून दाखविले, आणि मग आम्ही तिघे पुन्हा पहिल्या दुकानी जाऊन नव्या यंत्रावर तेच उघडून बसलो. नवे यंत्र दुसऱ्याच टप्प्यावर अडखळले. एक कळ दाबावी आणि अक्षर सावकाश उमटावे. वडील खाली वाकून, रिक्षाच्या इंजिनाला कान लावावा तसे ते पाहात होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दो सवारी में ही हाँफ गया.”

तिसऱ्या दुकानी परत आल्यावर परीक्षक तेच झाले. एका बोटाने झाकण उघडून बिजागरी सैल आहे का पाहिले, पंख्याचा आवाज ऐकला, अर्धा तास चालू ठेवून तळाला हात लावला. आमच्या चिरंजीवांनी फोनवरून सांगितलेल्या यादीत ह्यांतले निम्मेही नव्हते. सौदा २३,५०० लाच झाला. उरलेल्या साडेचार हजारांतून नवी बॅटरी आली, आणि एक पाठीवरची पिशवी आली. पिशवी मात्र वडिलांनी स्वतः निवडली. दुकानदार किमतीचे लेबल कापू लागला तेव्हा त्याचा हात धरला.

आमचा एक सल्ला फसला, तो नोंदवून ठेवतो. रिकाम्या खाचेत आणखी आठ जीबीची चकती तेव्हाच १,६०० रुपयांत बसत होती. “घाई काय, दिवाळीनंतर पाहू,” असे आम्ही म्हणालो. पुढे २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या चकत्यांचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांना स्मृती हवी, म्हणून कारखान्यांनी आपला माल तिकडे वळविला आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या वाट्याला टंचाई आली. जानेवारीत त्याच दुकानदाराने त्याच चकतीचे दुपटीहून अधिक सांगितले.

परवा ती मुलगी शाळेत दाखला न्यायला आली, तेव्हा लॅपटॉप बरोबर होता. आम्ही तो उलटा करून पाहिला. तळाशी कोण्या कंपनीच्या मालमत्तेचा क्रमांक असलेली पट्टी होती; ती वडिलांनी नाण्याने खरवडून अर्धी काढली आहे आणि तेथे कुंकवाचे स्वस्तिक आहे. यंत्र बरे चालते, म्हणाली. दुसरी खाच अजून रिकामीच आहे.