घरच्या शाळेचं सामान

मुलाला शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं, असं ठरवलेल्या आईबापांना दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. आजी विचारते, "चार पोरांत मिसळणार कधी?" आणि काका विचारतात, "मग दहावीचं काय?" काकांचं समाधान लवकर होतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी चौदा वर्षं पूर्ण झाली की देता येते. त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या दहाव्या कलमात मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलेलं आहे, मात्र न घातल्यास दंड सांगितलेला नाही. या मधल्या मोकळ्या जागेत ही कुटुंबं आपलं घर चालवतात.

तिसरा प्रश्न हे आईबाप एकमेकांना विचारतात, आणि तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : "करिक्युलम कोणता घेतलात?" या एका प्रश्नापायी रात्री जागवल्या जातात. परदेशातून खोकी येतात. त्यांत वर्षाच्या छत्तीस आठवड्यांचं वेळापत्रक, वर्कशीटांचे गठ्ठे, लाकडी ठोकळे, रंगीत पट्ट्या, निसर्गनिरीक्षणाची वही असं सगळं बेतशीर भरलेलं असतं. या खोक्यांमागची पोटतिडीक मी जवळून पाहिली आहे आणि मला ती मनापासून आवडते. आपल्या लेकराचं बालपण हातातून निसटू नये, त्याला शिकण्याचा कंटाळा येऊ नये, एवढंच त्या आईला हवं असतं. पण खोकं उघडल्यावर जे बाहेर पडतं ते कोणाच्या अंगणातलं आहे, हे बघायला हवं.

शार्लट मेसन या इंग्रज बाईंचं उदाहरण घ्या. त्यांचं घरच्या शिक्षणावरचं पुस्तक १८८६ सालचं. मुलांनी रोज तासन्‌तास उघड्यावर असावं, पाहिलेलं वहीत रंगवावं, सारांशांपेक्षा चांगली जिवंत पुस्तकं वाचावीत आणि ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत सांगावं, हे त्यांचं म्हणणं सव्वाशेहून अधिक वर्षांनीही खरं आहे. त्यांच्या विचारावर बेतलेले अभ्यासक्रम आज आपल्याकडेही वापरले जातात. त्यांत ऑक्टोबर आला की पानं पिवळी पडतात, गळतात, मुलं ती गोळा करून वहीत चिकटवतात. आपल्याकडे ऑक्टोबरात रान हिरवंगार असतं, भात कापायला आलेला असतो आणि ऊन चटके देत असतं. सह्याद्रीतली पानगळ माघ-फाल्गुनातली. तेव्हा काटेसावर, पळस आणि पांगारा अंगावर एक पान न ठेवता फुलतात. थोडं पुढे चैत्राच्या तोंडावर पिंपळाला तांबूस पालवी येते आणि कुसुम लालेलाल होतो. आपल्याकडे पानं गळण्याचं कारण थंडी कमी आणि पाण्याची टंचाई जास्त. झाड उन्हाळ्याची तयारी करत असतं. मुलाने ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली की ऋतू, पाणी, बाष्पीभवन असे तीन धडे एका झाडाखाली होतात. मेसनबाईंची रीत घ्यावी, त्यांचं पंचांग मात्र तिकडेच राहू द्यावं.

हे वेगळं करणं आपल्याकडे फार पूर्वी, फार मोठ्या ताकदीनं झालेलं आहे, आणि ते आपण विसरत चाललो आहोत याचं मला वाईट वाटतं. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेमध्ये गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केलं. ते वकिली सोडून मुलांकडे आले होते, आणि त्यांच्यापुढे मारिया माँटेसरी यांची पुस्तकं होती. तारा मोडक त्यांच्यासोबत काम करत होत्या. पुढे १९४५ मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या, तिथे त्यांना अनुताई वाघ मिळाल्या, आणि नंतर दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांमध्ये काम केलं. तिथे माँटेसरीची महागडी लाकडी साधनं कुठून आणणार? त्यांनी शिंपले घेतले, बिया घेतल्या, खडे, पानं, बांबू, माती घेतली. मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा 'अंगणवाडी' देशभर पसरली.

कोसबाडची गोष्ट लोक सांगतात ती बहुतेक गरिबीत काढलेल्या मार्गाची म्हणून. मला तीत दुसरं काही दिसतं. या बायकांनी सामान बदललं, पण क्रम सोडला नाही. माँटेसरीच्या गुलाबी मनोऱ्यात दहा घन असतात, सगळ्यात लहान एक सेंटिमीटरचा आणि सगळ्यात मोठा दहाचा. प्रत्येक पायरी एका सेंटिमीटरची. रंग एकच, आकार एकच, बदलतं ते फक्त मोजमाप. दट्ट्यांच्या ठोकळ्यात दहा खाचा आणि दहा दट्टे. एक जरी चुकीच्या खाचेत बसला, तरी शेवटी एक दट्ट्या उरतो आणि त्याला जागा सापडत नाही. 'चुकलास' असं कोणाला म्हणावं लागत नाही. या दोन गोष्टी, एका वेळी एकच अडचण आणि चूक मुलाला स्वतःलाच दिसणं, म्हणजे साधनाचा प्राण. लाकूड बीचचं आहे की बाभळीचं, याने फरक पडत नाही. करिक्युलमसाठी पैसे मोजायचेच असतील तर ते या क्रमासाठी मोजावेत.

अशी कसोटी हातात आली की घरातच काय काय सापडतं बघा. गावाकडच्या घरांत अजून धान्याची मापं असतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे अडशेरी, दोन अडशेऱ्या म्हणजे पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट. सहा वर्षांच्या मुलीला एक पायली, एक चिपटं आणि ज्वारीची परात द्या. किती चिपट्यांनी पायली भरेल असं विचारा. ती आधी अंदाज सांगेल, तो बहुधा कमी असेल. मग भरत जाईल आणि सोळाव्या चिपट्याला पायली काठोकाठ होईल. मोजताना एखादं चिपटं चुकलं, तर दुसऱ्या खेपेला ज्वारीच ते सांगेल. अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे अपूर्णांक वहीत येण्याआधी तिच्या मनगटात आलेले असतील. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी घोकून पाठ केली. ती घोकंपट्टी परत आणावी असं मला मुळीच वाटत नाही, पण ज्या मापांवरून ती उगवली ती मापं अडगळीत टाकून प्लॅस्टिकच्या वर्तुळाच्या फोडी विकत घेणंही पटत नाही.

मराठीतल्या मुलाला गणितात एक अडचण येते, ती बाहेरून आलेल्या कुठल्याही संचाला माहीत नसते. बोलताना आपण एकक आधी म्हणतो आणि दशक नंतर, लिहिताना उलट. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! विषय समितीच्या मंगला नारळीकर यांनी मुलांची ही अडचण शांतपणे समजावून सांगितली होती. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही रास्त वाटलं, आजही वाटतं. घरी यावर एक सुरेख उपाय आहे, गणितमाळेचा. शंभर मणी ओवायचे : दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. मूल एकोणतिसाव्या मण्यावर बोट ठेवतं, तेव्हा त्याला मागे दोन पूर्ण दहा आणि वर नऊ दिसतात, आणि पुढे तिसाला एकच मणी कमी पडलेला दिसतो. 'वीस नऊ' आणि 'एकोणतीस' ही दोन्ही नावं एकाच ठिकाणी खरी ठरतात. माळ घरीच ओवावी, आणि मुलाकडूनच ओवून घ्यावी, कारण ओवतानाच अर्धं गणित होतं.

अरविंद गुप्तांनी तर सगळी हयात याच कामात घातली. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि तिथून होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या प्रयोगात. आगपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की कलतो, तीन काड्यांचा त्रिकोण हटत नाही. मग पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्याच्या सांगाड्यात इतके त्रिकोण का, हे मूल रस्त्यात थांबून तुम्हालाच सांगू लागतं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं मुलांसाठी अशी खेळणी केली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि फुकट वाचायला मिळतात.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्या खोक्यात मिळणार नाही. चार पोरं लागतातच. शेजारची मुलं, ग्रंथालय, मैदान, आठवड्यातून एकदा एकत्र येणारी दोन-तीन कुटुंबं, हे सगळं करिक्युलमइतक्याच गांभीर्याने ठरवावं लागतं. आणखी एक बोललंच पाहिजे. या घरांत शिकवण्याचं ओझं बहुतेक वेळा आईवर पडतं. वडील शनिवारी प्रयोग करतात आणि कौतुक मिळवतात, रोजची वर्णमाला मात्र तिच्याच वाट्याला. घरची शाळा दोघांनी चालवायची नसेल, तर ती सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यंदा जूनमध्ये कोणी घरच्या शाळेचा श्रीगणेशा करणार असेल, तर त्यांना एक विनंती. दिवाळीपर्यंत काहीही मागवू नका. बालभारतीची पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात, त्यांतला क्रम वाचा. बालभारतीने तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्हावार काढलेलं आहे. तुमच्या जिल्ह्याचं घ्या आणि त्यात दिलेली नदी, बाजारपेठ, घाट मुलाला प्रत्यक्ष दाखवून आणा. या काळात मूल आपणहून कशाकडे वळतं, किती वेळ रमतं आणि कुठे अडतं, ते रोज दोन ओळींत तारखेसह लिहून ठेवा. दिवाळीनंतर काय विकत घ्यायचं याची यादी त्या वहीवरून करा.