जांभळाचे बी थांबत नाही

माउली, आमच्या घरची वारी कार्तिकीची. आषाढात बदलापूर गावातली खाचरे पाण्याने भरलेली, रोपे आवणीला आलेली. ती टाकून घाटावर जायचे कसे? आमच्या आबांनी तर पेरणीच कार्तिकीच्या हिशेबाने बांधली होती. वरच्या माळाकडे हळवे भात, म्हणजे निघण्याआधी कापून घरात यावे. नदीकडच्या खोलगट खाचरात गरवे, ते आम्ही परतेपर्यंत उभे राहावे. दोन्हीचे बियाणे घरचे. कापणीआधी आबा चांगल्या लोंब्या निवडून ठेवत. ते भात पेंढ्याच्या मुड्यात बांधून माळ्यावर जाई. घरातला तांदूळ संपला तर आजी शेजारून उसना आणी, पण मुड्याला हात लावू देत नसे. (तुकाराम बीज म्हणतो त्यातले बीज म्हणजे द्वितीया, हे ठाऊक असूनही मला त्या दिवशी तो मुडाच आठवतो.)

पुढे सगळ्या शेताला दुकानातले एकच वाण आले. उतारा वाढला, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण आमचे हळवे गेले ते गेलेच.

असे बी जपण्यासाठी आता पेढ्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत चार लाखांहून अधिक नमुने आहेत. बी वाळवून, हवाबंद पाकिटात घालून उणे १८ अंशांवर ठेवतात, तिथे ते वर्षानुवर्षे झोपून राहते. अधूनमधून उगवण तपासतात आणि ती घटली की पुन्हा शेतात पेरून ताजे बी घेतात. म्हणजे पेढी झाली तरी पेरणी सुटत नाही. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी तर आपल्या घरीच गावरान बियाण्यांची पेढी उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राज्य सरकारनेही २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यात स्थानिक पिकांचे बियाणेही आहे.

आमच्या बदलापूरच्या जांभळाला मात्र यातले काहीच लागू पडत नाही. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण माउली, जांभळाचे बी भातासारखे नव्हे. वाळवले की मरते, गोठवले की मरते. नुसते ठेवले तरी काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते. त्याची पेढी म्हणजे उभे झाड. आणि झाडाला जागा लागते, जी आमच्या गावात आता चौरस फुटांवर विकली जाते.

आमच्या बांधावर तीन जांभळी होत्या. जमिनीची वाटणी झाली, एक भाग विकला गेला, दोन जांभळी तोडल्या गेल्या. उरली ती ज्या तुकड्यावर आहे त्याचीही बोलणी चालू आहेत. भावाला पैशाची गरज आहे, ती खोटी नाही, म्हणून मी त्याच्याशी भांडत बसलो नाही. त्याच्याकडून एक पावसाळा मागून घेतला.

मृगाच्या आसपास फळे पडली, तशा त्याच दिवशी बिया धुऊन पिशव्यांत लावल्या. बियांच्या झाडाला हुबेहूब तेच फळ येईल याचा नेम नाही, म्हणून जाणत्या माळ्याकडून काही कलमेही बांधून घेतली. चाळीसेक रोपे वीतभर झाली आहेत. कार्तिकीला ती दिंडीच्या ट्रकमध्ये मागच्या बाजूला असतील. वाटेत ज्यांच्या अंगणात मुक्काम पडेल, त्यांनी एकेक उतरवून घ्यावे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावे लागेल, आणि शेळीपासून सांभाळावे.