मधला वेळ

'शेनमू' हा सेगा कंपनीचा व्हिडिओ गेम १९९९च्या डिसेंबरात जपानमध्ये आला. यू सुझुकी यांनी तो प्रचंड खर्चाने घडवला, तरी त्यातले दोष लपत नाहीत. नायक ऱ्यो अवघडल्यासारखा चालतो, इंग्रजी आवृत्तीतले संवाद पाठ केल्यासारखे येतात आणि कथा जागची हलत नाही.

१९८६चा हिवाळा. योकोसुका हे बंदराचं शहर. ऱ्योच्या डोळ्यांदेखत त्याच्या वडिलांचा खून होतो. सूड घ्यायला निघालेला हा मुलगा करतो काय, तर शेजारपाजारी विचारत फिरतो : त्या दिवशी काळी गाडी दिसली का? खलाशी कुठे भेटतील? बार संध्याकाळी उघडणार असेल, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. घड्याळ पुढे ढकलण्याची सोय या पहिल्या भागात नाही. तोवर घरातले खण उघडून बघा, नाणं टाकून यंत्रातून खेळणं काढा, रात्री वेळेत घरी येऊन झोपा. पुढे तर तो बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायची नोकरी धरतो. अनेकांना हे कंटाळवाणं वाटलं, आणि ते आहेच.

२०१८मध्ये हा गेम संगणकासाठी पुन्हा निघाला. त्यानंतर काही महिन्यांनी बाबा गेले. तेरावा झाला, पाहुणे परतले आणि कामं उरली : मृत्यूचा दाखला, बँकेचे अर्ज, गॅसच्या पुस्तकावरचं नाव. 'साहेब जेवायला गेलेत, तीननंतर या.' मी बाकावर बसून राही. घरी आल्यावर बाबांच्या कपाटातले खण उघडी, आणि रात्री 'शेनमू' लावी. सिनेमात बाप मेल्यावर पुढच्या दृश्यात मुलगा थेट शत्रूसमोर उभा असतो. मधला वेळ गाळलेला असतो. इथे तो सगळा ठेवला होता.

त्या वस्तीत देवळापाशी मांजराचं एक पिल्लू आहे. त्याची आई त्याच काळ्या गाडीखाली गेली. ऱ्यो त्याला खाऊ घालू शकतो. सूडाच्या वाटेवर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा भाग २००१मध्ये आला. तिसऱ्यासाठी चाहते अठरा वर्षं थांबले. २०१५मध्ये त्यांनीच वर्गणी काढून साठ लाख डॉलरहून अधिक जमवले. २०१९मध्ये तो आला, तरी सूड अपुराच. यावर काहीजण चिडतात. मी मात्र अजूनही पहिलाच भाग लावतो. बार उघडायला अवकाश असतो, तेव्हा देवळाकडे जाऊन पिल्लाला खायला देतो.