कोरोलाचा दाखला

बी.कॉम. झालो तेव्हा मला जगातल्या दोनच गोष्टी कळत होत्या: नावे आणि जमा. बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्यात तिसरीची भर पडली. ती म्हणजे ‘इथं सही करा’. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी बाहेरच्या माणसाला पेन्सिलीनं फुल्या मारून देतो. इथं, इथं आणि मागच्या पानावर इथं. एखादा चिकित्सक म्हातारा चष्मा पुसत विचारतो, ‘‘यात काय लिहिलंय हो?’’ मी म्हणतो, ‘‘काही नाही, नेहमीचंच.’’ खरं सांगायचं तर काय लिहिलंय ते मलाही ठाऊक नसतं. पण ‘नेहमीचंच’ म्हटलं की माणूस सही करतो. या तीन शब्दांवर, म्हणजे नावे, जमा आणि नेहमीचंच, आपली सगळी बँकिंग व्यवस्था उभी आहे असं माझं नम्र मत आहे.

एवढ्या भांडवलावर मोटारींच्या शर्यतीबद्दल लिहायचा मला काडीचा अधिकार नाही. माझा वाहनयोग वडिलांच्या जुन्या स्कूटरवर सुरू होतो आणि तिथंच संपतो. धुराच्या कायद्याशी माझा संबंध पीयूसीपुरता. एकदा स्कूटर चालूच होईना म्हणून ढकलत ढकलत पीयूसीवाल्याकडे नेली. त्यानं नंबरप्लेटचा फोटो काढला आणि सर्टिफिकेट माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं, ‘‘अहो, पण गाडी बंद आहे.’’ तो म्हणाला, ‘‘बंद आहे ना? मग धूर कुठून येणार?’’ या तर्कशास्त्रापुढे माझं वाणिज्यशास्त्र काय टिकणार? सहा महिने माझी स्कूटर सरकारदरबारी निर्दोष होती, आणि घरी जिन्याखाली.

तर अशा मला भाच्यानं कॅलिफोर्नियाला बोलावून घेतलं. तिकीटही त्यानंच पाठवलं. भाच्याचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण आमच्या घरात तो बाळ्या. बत्तीस वर्षांचा, सहा फुटांचा, दाढीवाला बाळ्या. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली होती, ताई तिथं त्याच्याकडेच राहते, तेव्हा बहिणीला भेटायचं म्हणून मी भारावून वगैरे गेलो. विमानतळावरून घरी येताना बाळ्या म्हणाला, ‘‘मामा, तुझ्याकडं एक छोटंसं काम आहे. आईची एका फॉर्मवर सही हवी आहे. तू बँकेत आहेस, तिला नीट समजावून सांगशील.’’

बावीस वर्षांच्या तपश्चर्येला सातासमुद्रापलीकडे असं फळ आलं.

फॉर्म कसला होता ते दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळलं. तिथं भावोजींची 1994 सालची कोरोला चार घोड्यांवर चढवून ठेवली होती. सीटा काढलेल्या, गालिचा उपटलेला, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा जागच्या जागी होता, पण त्याच्याही चेहऱ्यावर मला जरा काळजीच दिसली. बाळ्या आणि त्याचे तीन मित्र या गाडीची शर्यतीची गाडी करत होते.

आता शर्यत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चकचकीत गाड्या आल्या. तसलं काही नव्हतं. फ्रान्समध्ये ल मां गावी चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत होते. तिच्या नावावर कोटी करून अमेरिकेत 2006 साली ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ निघाली. लेमन म्हणजे तिकडच्या बोलीत खटारा. गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत हवी, असा तिचा मूळ नियम. पिंजरा, पट्टे वगैरे जीव वाचवायचा खर्च त्यात धरत नाहीत. गाडी महाग वाटली तर पंच दर दहा जादा डॉलरला एक फेरी दंड ठोकतात. पंचांना लाच देण्याची उघड प्रथा आहे. आणि गाडी जितकी विचित्र सजवाल तितकं कौतुक. बाळ्याच्या मंडळींनी कोरोलाला लाल रंग दिला होता आणि कपाळावर ‘जलद’ अशी पाटी लावली होती. तिची एसटी केली होती! परदेशात माणसाला आईची आठवण येते असं ऐकलं होतं, महामंडळाचीही येते हे नव्यानं कळलं.

‘‘यात आईची सही कशाला?’’ मी विचारलं.

तिथं खरी ग्यानबाची मेख होती. गाडी ताईच्या नावावर. ती कायमची रस्त्यावरून उतरवायची, म्हणजे यापुढे ती चालणार नाही आणि सार्वजनिक रस्त्यावर उभीही राहणार नाही, असं वाहन खात्याला लिहून द्यायचं. आणि एकदा ती रस्त्यावरून उतरली, की तिच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकायचा.

हा कन्व्हर्टर म्हणजे धुराच्या नळीतलं एक डबडं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असते, जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा हात फिरवलेला. इंजिनातून येणारा विषारी वायू त्यातून गेला की बऱ्याच अंशी कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो. धातू इतके मोलाचे, की चोर गाडी सोडून नुसतं डबडं कापून नेतात. आमच्या सोनेतारण विभागाला ही गोष्ट अजून कळलेली नाही. अमेरिकेत 1970 साली हवेच्या शुद्धतेचा मोठा कायदा झाला, त्यापायी 1975 च्या मॉडेलांपासून गाड्यांना हे डबडं आलं. आपल्याकडे ते 1995 साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपासून सुरू झालं.

‘‘ते काढलं की गाडीला मोकळा श्वास घेता येतो,’’ बाळ्या म्हणाला. ‘‘थोडी ताकद वाढते.’’

‘‘आणि कायदा?’’ बँकेत असलो तरी मी अधूनमधून कायद्याचा विचार करतो.

‘‘तीच तर गंमत आहे,’’ असं म्हणून बाळ्यानं जे सांगितलं ते ऐकून मला परदेशात अगदी घरच्यासारखं वाटलं. कॅलिफोर्निया राज्याचा कायदा म्हणतो, रस्त्यावर न येणारी निव्वळ शर्यतीची गाडी असेल तर तिला धुराचे नियम नाहीत. केंद्राचं पर्यावरण खातं, म्हणजे ईपीए, म्हणत आलं, की जी गाडी रस्त्यासाठी बनली आणि तसा दाखला घेऊन कारखान्यातून बाहेर पडली, ती पुढं शर्यतीत जावो नाहीतर खड्ड्यात, तिचं धुराचं सामान काढायचं नाही. म्हणजे नवरा हो म्हणतोय आणि सासू नाही म्हणतेय. मूळचीच शर्यतीसाठी बांधलेली गाडी असेल तर प्रश्न नाही. प्रश्न फक्त आमच्या कोरोलासारख्या, संसार करून मग संन्यास घेणाऱ्या गाड्यांचा.

हे सगळं वर्षानुवर्षं झाकलेलं होतं. हौशी लोक रविवारी गाड्या पळवत होते आणि खातं त्यांच्याकडे बघत नव्हतं. मग 2015 च्या जुलैमध्ये खात्यानं अवजड ट्रकच्या धुराबद्दल एक मसुदा काढला. शेकडो पानांचा. आणि त्यात मध्येच कुठंतरी हे शर्यतीबद्दलचं एक वाक्य टाकून दिलं. ट्रकच्या नियमात शर्यतीचं वाक्य! कोण तो कारकून, त्याला माझा साष्टांग नमस्कार. कुणी विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, ‘नेहमीचंच!’ पण सुटे भाग विकणाऱ्यांच्या संघटनेच्या ते नजरेला पडलं, दीड लाखावर लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि 2016 च्या एप्रिलमध्ये खात्यानं ते वाक्य मागं घेतलं. मात्र मूळ कायद्याचा अर्थ तोच, असं खात्याचं म्हणणं राहिलं. उलट बाजूनं, शर्यतीच्या गाड्यांना स्पष्ट सूट देणारं विधेयक त्याच वर्षी अमेरिकन संसदेत मांडलं गेलं, आणि पुढंही ते पुनःपुन्हा मांडलं गेलं.

मी बाळ्याच्या बाजूचा होत चाललो होतो. चार पोरं वर्षातून दोन रविवार खटारा पळवतात, त्यानं आभाळ थोडंच काळवंडणार? पण बाळ्या प्रामाणिक. त्यानं दुसरी बाजूही सांगितली. ‘फक्त शर्यतीसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकलेलं सामान सर्रास रस्त्यावरच्या गाड्यांना बसायचं. 2020 साली खात्यानं हिशेब काढला, तेव्हा साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांचं धुराचं सामान काढून टाकलेलं निघालं. हवेवर त्याचा परिणाम नव्वद लाख जादा ट्रक रस्त्यावर आणल्यासारखा. हे ऐकून मला आपल्याकडचं दारूचं परमिट आठवलं. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर प्रकृतीसाठी म्हणून परमिट मिळू लागलं, आणि बघता बघता किती तरी धडधाकट माणसांची प्रकृती एकदम नाजूक झाली.

संध्याकाळी मी फॉर्म घेऊन ताईसमोर बसलो. सवयीनं पेन्सिलीच्या फुल्या मारून ठेवल्या होत्या. ताई मेथी निवडत होती.

‘‘काय लिहिलंय रे यात?’’

‘‘काही नाही, नेहमी...’’ म्हणालो आणि शब्द घशात अडकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. समोर ताई होती. लहानपणी तिनं माझी प्रगतिपुस्तकं वाचून, मग वडिलांकडे सहीला नेली होती. मी सगळं सांगितलं. डबड्यासकट.

ती उठली, आत गेली आणि एक फाइल घेऊन आली. वर भावोजींच्या ठसठशीत अक्षरात ‘स्मॉग’. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी जुन्या गाडीचा धूर तपासून घ्यावा लागतो. तिथं गाडी ढकलत नेऊन चालत नाही, रोलरवर चाकं पळवून धूर मोजतात. भावोजींनी 1999 पासूनचे सगळे दाखले तारीखवार लावले होते, आणि आकड्यांशेजारी लाल पेन्सिलीनं मागच्या वेळच्या तुलनेतला फरक काढला होता.

‘‘इस्त्रीचा शर्ट घालून जायचे तपासणीला,’’ ताई म्हणाली. ‘‘आल्यावर आकडे वाचून दाखवायचे. मला मेलं त्यातलं काय कळतंय! पण आपण चेंबूरला होतो तेव्हा बाळ्याची छाती कशी वाजायची आठवतंय ना तुला? रात्र रात्र मांडीवर घेऊन बसायचे. इथं आल्यावर म्हणायचे, या लोकांनीही सोसलंय. 1943 साली लॉस एंजेलिसवर असा धूर उतरला की लोकांना वाटलं जपान्यांनी गॅस सोडला. मग अननसाच्या वासाचा अभ्यास करणारा कुणी प्रोफेसर होता...’’

‘‘हागेन-स्मिट,’’ दारातून बाळ्या म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कळलंच नाही. ‘‘त्यानं शोधून काढलं, की मोटारींच्या धुरावर ऊन पडून ते धुकं होतं. बाबा दर वेळी सांगायचे.’’

कुणीच काही बोललं नाही. मग ताईनं माझी पेन्सिल घेतली आणि माझ्या फुल्यांवर नीट सह्या केल्या. ‘‘पळव गाडी,’’ ती म्हणाली. ‘‘ह्यांना आवडलं असतं. पण ते डबडं राहू दे. सरकार काय म्हणतं ते म्हणू दे, मी सांगते म्हणून.’’

केंद्र आणि राज्य यांचा इतक्या वर्षांचा वाद आमच्या घरात मेथीची जुडी निवडून व्हायच्या आत मिटला.

महिनाअखेरीस आम्ही विलोज गावाजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर गेलो. ताईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. त्यातल्या दहा पंचांना लाच म्हणून दिल्या, त्यांनी त्या आनंदानं खाल्ल्या. आमची लाल एसटी डबड्यासकट धावली. सातव्या तासाला पाण्याचा पंप गेला आणि आडरानात एसटी बंद पडते तशी ती बाजूला उभी राहिली. तोवर आमच्यामागं मात्र अकरा गाड्या होत्या, त्यातल्या काहींना डबडं नव्हतं हे मी मुद्दाम वाकून पाहिलं. बाळ्या हेल्मेट काढून ताईजवळ आला. घामाघूम होता, पण श्वास अगदी व्यवस्थित चालला होता. ताई बराच वेळ त्याच्या छातीकडेच बघत होती.

परत येऊन कामावर रुजू झालो. पहिल्याच दिवशी एक आजोबा काउंटरला आले. चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘यात काय लिहिलंय हो?’’ मी पेन्सिल खाली ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. चौथ्या कलमापर्यंत आलो तोवर मागची रांग दारापर्यंत गेली आणि तिच्यातून चांगलाच धूर निघायला लागला.

त्याला पीयूसी लागत नाही हे एक बरं आहे.