कायोटी कोणाचा कोण?

शिकागोजवळच्या जंगलात स्वयंसेवक व्हायचं तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. तिथे आमच्या बाईंनी टेबलावर चार कवट्या मांडल्या: लाल खोकड, कायोटी, लांडगा आणि पाळीव कुत्रा. डोळ्याच्या खोबणीमागे हाडाचं एक टोक बाहेर येतं, त्यावरून अंगठा फिरवा म्हणाल्या. खोकडाच्या टोकावर अंगठा खळग्यात बसला. कायोटीच्या टोकावर हाड फुगीर लागलं. एवढ्याशा खळग्यावरून खोकडांचा व्हल्पीस हा वंश बाजूला काढता येतो आणि कायोटी लांडग्या-कुत्र्यांच्या कॅनिस वंशात जातो. मला मनापासून आनंद झाला. वर्गीकरण असं हाताला लागतं, याची मला कल्पनाच नव्हती.

कुत्रा आणि कायोटी वेगळे करायला मात्र मोजमाप करावं लागलं. वरच्या जबड्यात पहिल्या उपदाढेपासून शेवटच्या दाढेपर्यंतची लांबी घ्यायची आणि तिला दोन्हीकडच्या पहिल्या उपदाढांमधल्या टाळूच्या रुंदीने भागायचं. उत्तर ३.१ च्या आसपास किंवा वर आलं तर कायोटी, २.७ च्या खाली आलं तर कुत्रा. "आणि मधलं आलं तर?" मी विचारलं. "तर जनुकं तपासायची," बाई म्हणाल्या. माझा गोंधळ तिथून सुरू झाला.

थॉमस से यांनी १८२३ मध्ये कायोटीला कॅनिस लॅट्रान्स हे शास्त्रीय नाव दिलं, ते प्राणी डोळ्यांनी पाहून. आता कळतं की कायोटी, लांडगा, कुत्रा आणि आपल्याकडचा सोनेरी कोल्हा, साऱ्यांची गुणसूत्रं ७८. कायोटीचा लांडग्याशी किंवा कुत्र्याशी संकर झाला तर पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. अमेरिकेच्या ईशान्येकडचे कायोटी अंगाने थोराड, आणि त्यांच्यात लांडग्याचा अंश आहे, कुत्र्याचाही आहे. ज्यांची संतती जननक्षम ती एक प्रजाती, हे तर मी शाळेत घोकलेलं! मग या वेगळ्या प्रजाती कशा? बाईंनी समजावलं, की अधूनमधून संकर झाला म्हणून सीमा पुसली जात नाही. लांडगे भरपूर असतात तिथे ते कायोटीला हुसकावतात, मारतातही. जोडी जमते ती बहुतेक लांडगे विरळ झालेल्या मुलखात. हे पटलं, पण पुरतं समाधान झालं नाही.

नातेवाइकांनी तर आणखी चक्रावून सोडलं. आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा आपल्या कोल्ह्याचा जुळा भाऊ वाटावा असा. २०१५ मध्ये जनुकांवरून तो वेगळा निघाला, लांडग्याच्या जास्त जवळचा. उलट काळ्या पाठीचा आणि पट्टेवाला हे आफ्रिकेचे दोन कोल्हे लांडग्यापासून इतके दूर, की आपला कोळसुंदाही त्यांच्यापेक्षा लांडग्याला जवळचा. म्हणून आता त्या दोघांना ल्युप्युलेला हा वेगळा वंश देतात. कोळसुंद्याच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंची शेवटची दाढ नसते. त्याचा क्युऑन हा वंश वेगळा मानण्यामागे ही एक खूण. दख्खनच्या लांडग्याला आणि इथल्या कोळसुंद्यालाही १८३१ मध्ये कर्नल साइक्स यांनी शास्त्रीय नावं दिली होती, हे वाचताना मात्र घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते तांबड्या लांडग्याचं प्रकरण. १९८० मध्ये तो निसर्गातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी टेक्सास-लुइझियानाच्या किनारपट्टीवर पकडून आणलेल्यांपैकी अवघ्या १४ जणांपासून पुढची पैदास झाली आणि १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात त्यांचे वंशज सोडले गेले. मग वाद पेटला: ही स्वतंत्र प्रजाती, की लांडगा आणि कायोटीचा संकर? २०१६ च्या एका जनुकीय अभ्यासाने संकराकडे बोट दाखवलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या समितीने त्याला स्वतंत्र प्रजाती मानलं. कौल उलटा गेला असता तर कायद्याचं संरक्षणच धोक्यात आलं असतं. आमची व्याख्या अडखळते म्हणून किंमत त्या प्राण्याने मोजायची, हे मला मुळीच मान्य नाही.

टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटावरच्या कायोटींमध्ये तांबड्या लांडग्याची जनुकं सापडली आहेत. त्यांतली काही तर पैदास केंद्रांतल्या लांडग्यांमध्येही उरलेली नाहीत. म्हणजे हरवलेला वारसा ज्यांच्यापाशी आहे ते कायद्याच्या लेखी नुसते कायोटी, आणि कायोटीला टेक्सासात संरक्षण नाही. पुण्याजवळच्या माळरानावर पेच उलटा आहे. तिथे लांडगा आणि कुत्र्याचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झाला, आणि भटक्या कुत्र्यांची संख्या अशीच राहिली तर आधीच थोडे उरलेले लांडगे त्यांच्यात मिसळून जातील ही भीती आहे. गॅल्व्हस्टनला ज्या संकराने वारसा राखला, त्याच संकराला पुण्याजवळ आवर घालायला हवा. दोन्ही ठिकाणी एकच नियम लावता येईल का, असं मी बाईंना विचारलं. त्या स्पष्टच म्हणाल्या, "नाही."