बदलापूरच्या हळदीतला बेंजो आला कुठून?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लग्नसराईतील हळदीची रात्र बेंजोवाचून सरत नाही. टेम्पोवर रचलेले भोंगे, मागे धडधडणारा जनरेटर, कीबोर्ड, ढोल, ताशा, आणि या साऱ्या गदारोळावर स्वार होणारा तो चिरका, थरथरता तारेचा सूर. वाद्याचे नाव बेंजो, ताफ्याचे नाव बेंजो पार्टी. आगरी-कोळी गीत असो, भीमगीत असो वा कालपरवाचे चित्रपटगीत असो. चाल उचलायची ती बेंजोनेच. हे नाव ज्या वाटेने या पट्ट्यात पोहोचले त्या वाटेवर गुलामांची जहाजे आहेत, तोंडाला काजळी फासून नाचणारे गोरे नट आहेत, आणि इतरांच्या कलेवर उभारलेला एक अवाढव्य धंदा आहे. हा धागा त्या वाटेचा.

प्रथम एक घोळ निस्तरावा लागतो. बेंजो पार्टीतला बेंजो हा अमेरिकी बँजो नव्हेच. अमेरिकी बँजोला डफासारखे गोल, कातडी ताणलेले तोंड असते आणि त्यातून निघालेली लांब मान. आपल्याकडचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या धातूच्या तारा आणि त्यांवर टंकलेखन यंत्रासारखी बटणे. डाव्या हाताने बटणे दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. याचे शास्त्रशुद्ध नाव बुलबुल तरंग. त्याचे मूळ जपानमध्ये. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो याने ‘ताइशोगोतो’ नावाचे वाद्य घडवले आणि बटणांची कल्पना टंकलेखन यंत्रावरून उचलली. तेच पुढे भारतात आले. सिंध आणि बलुचिस्तानातही ते रुजले. तिकडे त्याला ‘बेंजू’ म्हणतात आणि बिलावल बेल्जियम हा त्याचा नामांकित वादक होऊन गेला. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी ज्या कल्याण कॅम्पात संसार मांडले त्याचेच पुढे उल्हासनगर झाले. तेव्हा या एका शहराला हे नाव दोन्ही बाजूंनी ओळखीचे, सिंधी आठवणींतून आणि मराठी मिरवणुकींतूनही.

म्हणजे देह जपानी आणि नाव अमेरिकी. त्या नावाच्या मागे मात्र आफ्रिका उभी आहे.

पश्चिम आफ्रिकेत भोपळ्याच्या अर्धकवचावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये पुरातन काळापासून आहेत. सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांचे ‘आकोंटिंग’ हे त्यांपैकी एक. जहाजांच्या तळघरांत साखळ्यांनी जखडून नेलेल्या माणसांना वाद्ये सोबत नेता येत नव्हती. पण वाद्य कसे घडवायचे ते हातांना ठाऊक होते. जमैकात १६८७-८८ च्या सुमारास हॅन्स स्लोन या वैद्याने गुलामांची अशी वाद्ये पाहिली आणि पुढे त्यांचे चित्र छापले. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांचे बंड झाले. लगेच पुढच्या वर्षी तेथील कायद्याने गुलामांच्या ढोलांवर आणि शिंगांवर बंदी घातली, कारण त्यांच्या आवाजाने माणसे एकत्र येतात. तंतुवाद्य मात्र टिकले. थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात आपल्या ग्रंथात नोंद केली, की ‘बंजर’ हे काळ्या लोकांचे खास वाद्य असून ते त्यांनी आफ्रिकेतून आणले आहे. स्वतः जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. वाद्याचे पितृत्व मान्य करायला त्याची हरकत नव्हती.

यानंतर या कथेचा ओंगळ भाग सुरू होतो. १८३० च्या आसपास टी. डी. राईस नावाचा गोरा नट जाळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून, फाटके कपडे घालून, लंगडत नाचू लागला. पात्राचे नाव ‘जिम क्रो’. प्रेक्षक वेडे झाले. हेच नाव पुढे अमेरिकेतील वंशभेदाच्या कायद्यांना चिकटले. एका विनोदी सोंगाचे नाव कोट्यवधी माणसांच्या वेगळ्या रांगांना आणि वेगळ्या शाळांना मिळाले. व्हर्जिनियाचा जोएल स्वीनी हा गोरा वादक काळ्यांकडून बँजो शिकला आणि रंगमंचावर गाजला. बँजोची अंगठ्याने छेडायची आखूड तार, तुणतुण्यासारखा एकच स्वर धरून राहणारी, त्यानेच शोधली असे दीर्घकाळ छापले जात होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण कॅरोलिनात काढलेल्या एका जलरंगचित्रात एक गुलाम बँजो वाजवत बसला आहे आणि ती आखूड तार त्याच्या वाद्यावर स्पष्ट दिसते. स्वीनीचा जन्मच १८१० चा.

फेब्रुवारी १८४३ मध्ये न्यूयॉर्कला ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रल्स’ नावाच्या चार गोऱ्या कलावंतांनी काजळी फासून खेळ केला: बँजो, फिडल, खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या. येथून मिन्स्ट्रल खेळांची लाट उसळली. मराठी वाचकाला हे वर्ष वेगळ्या कारणासाठी पाठ असते. त्याच १८४३ च्या नोव्हेंबरात सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ झाले. योगायोगच, पण लक्षात ठेवण्याजोगा.

मिन्स्ट्रल खेळाचा आराखडा तमाशा पाहिलेल्या माणसाला फारसा परका वाटणार नाही. आरंभी सारे अर्धवर्तुळात बसत. मध्ये एक गंभीर सूत्रधार, टोकाला खंजिरीवाला आणि चिपळ्यावाला हे दोन विदूषक, आणि त्यांच्यात चाललेली सवाल-जवाबाची टोलवाटोलवी. मग सुट्या करामती, शेवटी एकांकी प्रहसन. स्त्रियांची सोंगे पुरुषच घेत, आपल्या नाच्या पोरासारखी. पण साम्य येथेच संपते. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, क्वचित देवाचीही फिरकी घेतो. हसणारा खालचा आणि हास्याचा विषय वरचा. मिन्स्ट्रलमध्ये नेमके उलट. ज्याच्या पाठीवर चाबकाचे वळ आहेत त्याला आळशी, भित्रा, सदा आनंदी दाखवायचे आणि त्याच्याच चालीवर त्याची टिंगल करायची. दोन्ही लोकरंजनच, म्हणून त्यांना एका माळेत ओवणे हा इतिहासाचा आळस ठरेल.

तरीही अमेरिकी लोकप्रिय संगीताची पहिली मोठी पेठ हीच. स्टीफन फॉस्टरची ‘ओ सुझाना’सारखी गाणी मिन्स्ट्रल मंचावरून घराघरांत गेली. फॉस्टर स्वतः गोरा, तरी धंद्याने त्यालाही सोडले नाही. १८६४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या रुग्णालयात मरण पावला तेव्हा त्याच्या खिशात अवघे ३८ सेंट होते. जेम्स ब्लँड हा काळा गीतकार. त्याचे एक गीत व्हर्जिनियाने १९४० मध्ये राज्यगीत केले. तो १९११ सालीच दारिद्र्यात मेला होता आणि त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

हे खेळ समुद्र ओलांडून लवकरच आशियात पोहोचले. मार्च १८५४ मध्ये कमोडोर पेरीच्या नौदलाने जपानी अधिकाऱ्यांच्या मनोरंजनासाठी जहाजावर मिन्स्ट्रल खेळ केला. तोफा रोखून केलेल्या मैत्रीच्या तहाला ही प्रस्तावना. भारतात १८६० च्या दशकात डेव्ह कार्सन हा अमेरिकी मिन्स्ट्रल नट आला. कलकत्ता, मुंबई येथे त्याचे खेळ रंगले. भारतात काजळीचा विषय बदलला: कार्सनने इंग्रजी बोलणाऱ्या बंगाली बाबूचे सोंग काढले आणि साहेबलोक पोट धरून हसले. आपल्या खेळाला तो हिंदुस्थानी नाव देई, ‘देव कार्सन साहेब का पक्का तमाशा’. १८७३ मध्ये कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटाने त्याला त्याच नाण्यात परतफेड केली. खेळाचे नाव ‘मुस्तफी साहेब का पक्का तमाशा’; सोंग अर्थातच साहेबाचे. वसाहतीतल्या माणसाने मिन्स्ट्रलला दिलेले याहून नेटके उत्तर क्वचितच सापडेल.

त्याच १८७३ सालात पुण्याहून जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले आणि ते अर्पण केले होते अमेरिकेतील गुलामांची मुक्तता घडवणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना. एकीकडे साहेबी नाटकगृहांत काळ्या माणसाचे सोंग हे करमणुकीचे साधन होते, दुसरीकडे माळी समाजातला एक शिक्षक त्याच माणसाच्या सुटकेत शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचा आरसा पाहत होता. अमेरिका दोन्ही वाटांनी महाराष्ट्रात आली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

यादवी युद्धानंतर काळे कलावंतही मिन्स्ट्रल मंचावर आले. पोटासाठी त्यांनी स्वतःच्या काळ्या चेहऱ्यावर काजळी फासली, कारण प्रेक्षकांना माणूस नको होता, सोंग हवे होते. पण याच फिरत्या तंबूंत ते धंदा शिकले. ब्लूजचा जनक म्हणून गौरवला जाणारा डब्ल्यू. सी. हँडी मिन्स्ट्रल ताफ्याचा बँडमास्तर होता; मा रेनी तंबूंतूनच गात पुढे आली. ब्लूज आणि जॅझ यांची मुळे या अपमानाच्या चिखलात आहेत, आणि ती तेथून वर आली याचे श्रेय चिखलाचे नव्हे.

जॅझ मुंबईत आला तो ताजमहाल हॉटेलाच्या नृत्यदालनात. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा ताफा घेऊन आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. त्यांच्याकडून गोव्याचे वादक शिकले. हळदोण्याचा अँटोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला, भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला आणि संध्याकाळी हॉटेल, दिवसा चित्रपटाचे ध्वनिमुद्रण अशी त्याची दुहेरी नोकरी सुरू झाली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट यांच्या संगतीतून १९५१ चा ‘अलबेला’ घडला. चित्रपटात चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. नायक भगवान दादा, गिरणी कामगाराचा मुलगा. त्यांची ती कंबर हलकी डुलवीत, हात फिरवीत नाचण्याची ढब गणपतीच्या मिरवणुकीत अजून जिवंत आहे. त्यांचा अखेरचा काळ दादरच्या चाळीत गेला. स्वररचना ज्यांनी कागदावर उतरवल्या त्या गोवेकर वादकांपैकी बहुतेकांची नावे त्या काळच्या श्रेयनामावलीत नाहीत. ही गोष्ट वाचकाने आता ओळखली असेल. फक्त देश बदलला आहे.

अमेरिकेत बँजोचे शेवटी काय झाले? काळ्या समाजानेच तो जवळपास टाकून दिला. ज्या वाद्याने शंभर वर्षे आपली चेष्टा केली ते हातात कोण धरील? बँजो गोऱ्या ग्रामीण संगीताची खूण होऊन बसला. अलीकडे र्‍हिॲनन गिडन्स हिने उत्तर कॅरोलिनाच्या जो थॉम्पसन या वृद्ध फिडलवादकाजवळ बसून जुनी परंपरा आत्मसात केली. बियॉन्सेच्या २०२४ च्या ‘टेक्सास होल्ड देम’ या गाण्यात ऐकू येणारा बँजो तिचाच.

वाद्य टाकण्यातली ही वेदना महाराष्ट्राला परकी नाही. येथे वाजप हे पिढ्यान्‌पिढ्या जातीवर लादलेले काम होते. लग्नात वाजवायचे, पण पंगतीला बसायचे नाही. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने असली गावकीची कामे सोडा असे सांगितले, आणि ते रास्तच होते. पण गाणे सुटले नाही. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातला गण-गवळणीचा भाग बाजूला सारला आणि आंबेडकरी जलसा उभा केला. तोंडाला काजळी न लावता आपल्याच आवाजात गाणारी ही मंडळी, मिन्स्ट्रलच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभी.

बेंजो पार्टीतल्या पोरांना आजही कलावंत म्हणण्याची रीत नाही. दिवसा कारखान्यात, दुकानात वा रिक्षावर काम, रात्री सुपारी. शास्त्रीय संगीताच्या मैफलीत या वाद्याला जागा नाही आणि हळदीतल्या जुन्या धवलारणींची जागा त्याने खाल्ली अशी कुरकुरही आहे, ती पूर्ण खोटी नाही. तरी १४ एप्रिलच्या संध्याकाळी उल्हासनगर-अंबरनाथच्या रस्त्यांवर भीमगीताची चाल लागते, तेव्हा ती वाजवणारे वाद्य गुलामांच्या भाषेतून आलेले नाव वागवत असते, आणि वाजवणारे हात कोणाच्या वतनाखातर वाजवत नसतात.