आत्याकडचा ट्रिपर

आत्याच्या घरातले दिवे सारखे का जात होते, हे आतापर्यंत सात-आठ नातेवाइकांना फोनवर सांगून झालंय. दर वेळी गोष्ट थोडी वाढते (काल चुलतभावाला सांगताना तर वायरमनऐवजी मीच शिडीवर चढलो होतो!), म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आत्या 78 वर्षांची. गुहागरजवळच्या जुन्या घरात एकटी राहते. घर चिऱ्याचं, वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं. चिनीमातीचे फ्यूज जाऊन ट्रिपर आले, पण भिंतीवरच्या पट्ट्या आणि वायरी त्याच राहिल्या. 2024 च्या जुलैत ट्रिपर पडायला लागला, तोही बहुतेक रात्री. न्हाणीघर मागच्या अंगाला, मध्ये दोन पायऱ्या, त्यावर पावसाळ्यातलं शेवाळ. "गावाची वीज जाते तेव्हा काही वाटत नाही रे, पण ही माझ्या एकटीचीच जाते," असं ती फोनवर म्हणाली आणि मी रजा टाकली.

मी पोचेपर्यंत वायरमनदादा दोनदा येऊन गेले होते. ट्रिपरच खराब आहे म्हणून त्यांनी नवा बसवला, तर तोही पडला. मग त्यांनी शेवटचा उपाय सांगितला. "काढून टाकू, डायरेक्ट करू." आत्या लगेच तयार! आणि तिचं काय चुकलं? अंधारात पाय घसरून खुब्याचं हाड मोडणं ही तिच्या वयाला काल्पनिक भीती नाही. ट्रिपर तिला वाचवत होता की पाडणार होता, हा प्रश्न खराच होता.

पण आधी पडतोय कोण, ते बघायला हवं होतं. बोर्डावर दोन प्रकारचे खटके असतात. दिव्यांच्या लायनीवर 6 अँपिअरचा एमसीबी होता. 230 व्होल्टला त्यावर साधारण 1380 वॅट चालतात. आत्याचे सगळे एलईडी दिवे मिळून शंभर वॅटसुद्धा भरायचे नाहीत, म्हणजे जास्त लोड वगैरे काही नव्हतं. तो बिचारा जागचा हलतही नव्हता. पडत होता त्याच्या शेजारचा रुंद, 'टी' लिहिलेलं बटण असलेला, आरसीसीबी. त्याचा हिशेब आत्यासारखा असतो. शेजारी जेवढ्या वाट्या गेल्या तेवढ्या परत आल्या पाहिजेत. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, 30 मिलिअँपिअर इतका जरी दुसरीकडे कुठे गळला, की हा पडतो. एवढा करंट माणसाच्या अंगातूनही जात असू शकतो, म्हणूनच तो एवढा चिकट.

दिव्यांचा एमसीबी खाली केला की आरसीसीबी टिकायचा. म्हणजे गळती दिव्यांच्याच लायनीवर. गंमत अशी, की घरातली सगळी बटणं बंद असली तरी तो पडायचा. वायरमनदादांना ट्रिपरवर संशय आला तो ह्याचमुळे, आणि तो रास्तच होता.

धागा मिळाला तो भिंतीवरच्या कालनिर्णयात. आत्या दुधाचा हिशेब लिहिते त्याच चौकोनात लाईट गेली की फुली मारते. सगळ्या फुल्या झोडपणाऱ्या पावसाच्या दिवसांवर किंवा दुसऱ्या दिवशी. नुसत्या रिपरिपीला एकही नाही! झोड लागते ती पश्चिमेच्या पडवीला. मग मेन स्विच बंद करून वायरमनदादांनी ओटीवरच्या जोडातून पडवीकडे जाणारी वायर सोडवली, पुन्हा चालू केलं, आणि ट्रिपर टिकला.

पडवीतला होल्डर लोखंडी खांबावर होता. मेन बंद करून तो उघडला तर आत कुंभारमाशीचं मातीचं घर, भिजून चिखल झालेलं. त्याच चिखलातून करंट खांबात आणि खांबातून जमिनीत. ती सोडवलेली वायर टेस्टरने पाहिली, तेव्हा बटणाचं कोडंही सुटलं. दिव्याचं बटण फेजवर नव्हतंच, न्यूट्रलवर होतं. कुणीतरी कधीकाळी उलटं जोडलेलं. बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण फेज होल्डरपर्यंत चोवीस तास हजर. आणि आत्या बल्ब पुसायची तो बटण बंद करून.

ह्याच खांबाला तिची कपडे वाळत घालायची तार बांधलेली आहे. तेही ओले कपडे.

आरसीसीबी काढला असता तर काय झालं असतं, हे मी तिथेच कागदावर मांडून दाखवलं. खांबाचा जमिनीशी रोध समजा 100 ओहम. करंट जाणार दोन-सव्वादोन अँपिअर. 6 अँपिअरचा एमसीबी त्याला हातही लावणार नाही. दिवे झकास लागले असते, आणि खांब जिवंत राहिला असता. वायरमनदादांनी कागदाकडे पाहिलं, मग तारेकडे. "डायरेक्ट" हा शब्द नंतर निघाला नाही.

नवा होल्डर खांबावरून काढून वाशाला, पावसापासून आत, बसवला. बटण फेजवर आणलं, आणि बाकीची बटणंही एकेक तपासली. माजघरातल्या एकाची तीच कथा निघाली. आत्याच्या अंधाराचं उत्तर मात्र वेगळं द्यावं लागलं. न्हाणीघराच्या वाटेवरच्या दिव्यांना स्वतंत्र आरसीसीबी दिला, म्हणजे पडवीत काही झालं तरी ती वाट उजेडात राहील. ह्यात दोन्हींचे न्यूट्रल वेगळे ठेवावे लागतात, एकत्र झाले की दोघेही उगाच पडतात. त्यामुळे पूर्ण दुपार गेली. शिवाय गावाचीच वीज गेली तर म्हणून पायऱ्यांजवळ बॅटरीवाला बल्ब.

'टी'चं बटण अधूनमधून दाबून ट्रिपर पडतो ना ते बघायचं असतं. आत्याने त्यासाठी संकष्टी धरली आहे, लक्षात राहते म्हणून. चंद्रोदयाच्या आधी दोन्ही बटणं दाबते, खटके पुन्हा वर करते, आणि मला फोन करते, "पडले रे दोन्ही." मग उपास सोडते.